मेणबत्त्या आणायच्या की नाही?

हिवाळ्यात लंडनला दुपारी चारच्या सुमारास अंधारून येतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस हाउस ऑफ कॉमन्सचं काम त्या वेळेच्या पुढे लांबलं, की सभागृहापुढे एक प्रस्ताव यायचा : मेणबत्त्या आणाव्यात. शिपाई आपणहून दिवे लावू शकत नसे, सभागृहाची आज्ञा लागे. चर्चेतलं विधेयक ज्यांना नको असेल ते या प्रस्तावाला विरोध करत. मेणबत्त्या नाहीत तर उजेड नाही, उजेड नाही तर चर्चा उद्यावर, आणि उद्या दुसरंच काम समोर उभं. कॉमन्सच्या कामकाजाच्या नोंदींत मेणबत्त्यांवरून झालेली मतदानं पुन्हा पुन्हा भेटतात. अंधार पडला की वेगळी आज्ञा न मागता दिवे आणावेत, हा नियम व्हायला १७१७ साल उजाडावं लागलं.

१६६० साली दुसरा चार्ल्स परदेशातून परतून गादीवर बसला आणि १७१४ साली राणी ॲन वारली. मधली चोपन्न वर्षं हा स्टुअर्ट घराण्याचा उत्तरकाळ. इतिहासाची पुस्तकं तो राजा आणि पार्लमेंट यांच्या झुंजीचा काळ म्हणून सांगतात : धर्माचे वाद, १६८८ ची क्रांती, १६८९ चा हक्कांचा कायदा. ते सगळं खरंच आहे. मला मात्र या काळातली विधेयकांच्या मरणाची हकिकत जास्त बोलकी वाटते. मांडलेल्या विधेयकांतला मोठा वाटा कायदा न होताच संपे. विधेयक कोणत्या टप्प्यावर आणि कोणाच्या हातून संपलं हे बघितलं, की त्या घडीला सत्ता कोणाकडे होती ते भाषणांपेक्षा नेमकं कळतं.

कॉमन्स भरायची ती वेस्टमिन्स्टरच्या जुन्या राजवाड्यातल्या सेंट स्टीफन्स चॅपलमध्ये. प्रार्थनेसाठी बांधलेली अरुंद, उंच वास्तू. समोरासमोर बाकांच्या ओळी. १६७० च्या दशकात सभासदसंख्या ५१३ झाली आणि १७०७ साली स्कॉटलंडचे ४५ जण येऊन मिळाल्यावर ५५८. सगळे एकदम आले असते तर बसायला जागा पुरली नसती, पण सगळे कधी येतच नसत. गणपूर्तीला चाळीस डोकी पुरत. १६९२ साली क्रिस्टोफर रेननं, म्हणजे सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या वास्तुकारानं, छत खाली घेऊन या चॅपलला सभागृहाचं रूप दिलं.

इथं विधेयक आणायचं तर आधी सभागृहाची परवानगी मागावी लागे. परवानगी मिळाली की दोनतीन सभासदांवर मसुदा करण्याचं काम सोपवलं जाई. मसुदा कागदावर, हातानं लिहिलेला. दंडाची रक्कम, तारखा, कधी कधी व्यक्तींची नावं यांच्या जागा मुद्दाम कोऱ्या ठेवलेल्या. प्रत्येक सभासदाच्या हाती छापील प्रत देण्याची रीत अजून पडली नव्हती. म्हणून ‘वाचन’ हे शब्दशः वाचन असे : कारकून उभा राहून विधेयक वाची, मग सोबतच्या टिपणावरून स्पीकर त्याचा आशय सांगे. पहिल्या वाचनाला सहसा कोणी अडवत नसे. खरी चकमक दुसऱ्या वाचनाला. तिथं तरलेलं विधेयक समितीकडे जाई, आणि समितीत कोऱ्या जागा भरल्या जात.

या समित्यांची एक गंमत होती. नावं ठरवून समिती नेमली जाई, पण बहुतेक वेळा आदेशाच्या शेवटी एक पुस्ती असे : जे येतील त्या सर्वांना मत. त्यामुळे संध्याकाळी स्पीकरच्या दालनात बैठक असली, की ज्याचं हितसंबंधाचं काम असेल तो मित्रांना गोळा करून तिथं हजर. महत्त्वाच्या विधेयकांसाठी सगळं सभागृहच समिती बनायचं. तेव्हा स्पीकर खुर्ची सोडून उतरे, टेबलावरचा राजदंड टेबलाखाली जाई आणि दुसरा अध्यक्ष बसे. स्पीकर गेला म्हणजे नियमांचा ताणही सैल होई. एरवी एका विषयावर एकदाच बोलता येई, इथं हवं तितक्यांदा उठता येई.

समितीचा अहवाल मान्य झाला की विधेयक चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरात उतरवलं जाई आणि मग तिसरं वाचन. चर्मपत्र झाल्यावरही कोणाला एखादं कलम सुचलं तर ते चर्मपत्राच्या वेगळ्या तुकड्यावर लिहून मूळ विधेयकाला जोडण्याची सोय होती. घाईच्या दिवसांत अशा जोडतुकड्यांतून काय काय आत शिरे, हा एक स्वतंत्र विषय होईल.

मग विधेयक मिरवत उमरावांच्या सभागृहाकडे, म्हणजे लॉर्ड्सकडे. तिथं पुन्हा तीन वाचनं. दुरुस्त्यांवरून मतभेद झाले तर दोन्ही सभागृहांचे प्रतिनिधी पेंटेड चेंबर नावाच्या दालनात भेटत. उमराव बसलेले, डोक्यावर टोप्या. कॉमन्सचे लोक उभे, टोप्या हातात. देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्याकडे, त्यांनी उभं राहायचं. या विसंगतीबद्दल कॉमन्सवाले कुरकुरत, पण उभे राहात.

चार्ल्सच्या काळात विधेयक मारण्याचा सगळ्यात सोपा उपाय राजाच्या हाती होता : अधिवेशन संपवणं. अधिवेशन संपलं की अर्धवट राहिलेली सगळी विधेयकं आपोआप रद्द. पुढच्या खेपेला पहिल्यापासून सुरुवात. अधिवेशन कधी भरवायचं आणि कधी मोडायचं हे राजा ठरवी. नोव्हेंबर १६७५ मध्ये त्यानं पार्लमेंटला सुट्टी दिली ती थेट पंधरा महिन्यांची. राजाचा कॅथलिक भाऊ जेम्स याला वारसाहक्कातून वगळण्याचं विधेयक १६७९ साली कॉमन्समध्ये दुसऱ्या वाचनात २०७ विरुद्ध १२८ मतांनी पुढे सरकलं, आणि राजानं आधी अधिवेशन संपवलं, मग पार्लमेंटच बरखास्त केलं. १६८० च्या नोव्हेंबरात ते पुन्हा आलं तेव्हा लॉर्ड्सनी ६३ विरुद्ध ३० मतांनी फेटाळलं. त्या चर्चेला राजा स्वतः हजर होता. १६७० पासून त्यानं लॉर्ड्समध्ये येऊन शेकोटीजवळ उभं राहण्याची सवयच लावून घेतली होती. कोण कोणत्या बाजूनं बोलतो हे राजा डोळ्यांनी बघत असताना उमरावांनी काय करावं?

ती सवय लागली त्या दिवसांतलं एक विधेयक मोठं चटकदार होतं. लॉर्ड रूस या उमरावाची बायको व्यभिचारी ठरली होती आणि त्याला पुन्हा लग्न करायचं होतं. चर्चची न्यायालयं विभक्त राहण्याची मुभा देत, पुनर्विवाहाची नाही. म्हणून त्याच्या एकट्यासाठी कायदा. एका माणसासाठी, एका जहागिरीसाठी, एका परदेशी व्यापाऱ्याला नागरिकत्व देण्यासाठी असे खासगी कायदे पार्लमेंट ढिगानं करत असे. चार्ल्सनं ही चर्चा नाटकापेक्षा सरस असल्याचा शेरा मारला म्हणतात. त्याचा रस निव्वळ करमणुकीचा नसावा. राणी कॅथरिनला मूल नव्हतं, आणि उमरावाला जे मिळालं ते उद्या राजालाही मागता आलं असतं. ही कॅथरिन म्हणजे पोर्तुगालची राजकन्या, जिच्या लग्नाच्या १६६१ च्या तहात मुंबई बेट इंग्रजांकडे आलं. विधेयक मंजूर झालं, रूसनं दुसरं लग्न केलं. चार्ल्सनं मात्र राणीला सोडलं नाही.

आता एका लठ्ठ उमरावाची गोष्ट. २७ मे १६७९. कैद्याला न्यायाधीशापुढे हजर करायला लावणारं हेबियस कॉर्पस विधेयक दोन सभागृहांच्या मतभेदात अडकलेलं, आणि अधिवेशनाचा शेवटचा दिवस. कॉमन्सशी आणखी एकदा वाटाघाट करायची की नाही यावर लॉर्ड्समध्ये मोजणी झाली. बिशप बर्नेटच्या सांगण्यानुसार मोजणीस होते लॉर्ड ग्रे आणि लॉर्ड नॉरिस. नॉरिसचं लक्ष कुठेतरी भलतीकडे. एक अगडबंब उमराव समोरून गेला तेव्हा ग्रेनं थट्टेनं त्याला ‘दहा’ मोजलं. नॉरिसच्या ध्यानात आलं नाही म्हटल्यावर आकडा तसाच पुढे चालू ठेवला. गोष्ट रचलेली वाटते. पण नोंदीत ५७ विरुद्ध ५५ असा निकाल आहे, म्हणजे एकूण ११२. आणि त्या दिवशीच्या हजेरीत नावं आहेत १०७. हिशोब काही केल्या जुळत नाही. वाटाघाट झाली, विधेयक सुटलं, त्याच दिवशी राजाची संमती मिळाली. मुंबई उच्च न्यायालयात आज बेकायदा अटकेविरुद्ध ‘हेबियस कॉर्पस’चा अर्ज करणारा वकील ज्या परंपरेवर उभा राहतो, तिच्यातल्या एका मोठ्या कायद्याची ही जन्मकथा.

विधेयक मारण्याची आणखी एक तऱ्हा जानेवारी १६८१ मध्ये दिसली. एलिझाबेथच्या काळापासून बिगर-अँग्लिकन प्रोटेस्टंटांवर चालत आलेला एक कडक कायदा रद्द करणारं विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं होतं. फक्त राजाची संमती उरली होती. संमतीच्या दिवशी बाकीची विधेयकं टेबलावर आली, हे आलंच नाही. राजाला ते नको होतं, पण नको असं चारचौघांत म्हणायचंही नव्हतं. म्हणून ते पुढे ठेवूच नये असं कारकुनाला सांगितलं गेलं. दोन महिन्यांनी ऑक्सफर्डला नवं पार्लमेंट भरलं तेव्हा कॉमन्सनं या गायब विधेयकाची चौकशी सुरू केली. आठवड्याभरात राजानं तेही पार्लमेंट बरखास्त केलं आणि पुढं मरेपर्यंत दुसरं बोलावलं नाही.

चार्ल्सनंतर राजा झालेला त्याचा भाऊ जेम्स १६८८ मध्ये पळाला, गादीवर विल्यम आणि मेरी आले, आणि फ्रान्सशी युद्ध सुरू झालं. युद्धाला पैसा लागतो आणि पैसा कॉमन्सच देऊ शकतं. त्यातून एक साधी गोष्ट घडली जिचं महत्त्व कोणत्याही जाहीरनाम्याइतकं आहे : १६८९ पासून पार्लमेंट दरवर्षी भरू लागलं. जमिनीवरचा कर, पौंडामागे चार शिलिंगपर्यंत, वर्षावर्षानं मंजूर करायचा; सैन्याला शिस्त लावणारा कायदाही वर्षाच्या बोलीवर. राजाला अधिवेशन महिनोन्‌महिने टाळणं आता परवडणारं नव्हतं. त्याबरोबर विधेयकांची आवक वाढली. नद्या खोल करणं, रस्त्यांवर टोल बसवणं, गावातल्या गरिबांची सोय, कर्जबाजारी जमीनदारांची विक्रीपत्रं. ज्याला त्याला कळलं की यंदा काम झालं नाही तरी पुढच्या हिवाळ्यात दार पुन्हा उघडेल. सभागृहाबाहेरच्या लॉबीत आपापली बाजू मांडणारी एकपानी छापील पत्रकं सभासदांच्या हातांत कोंबली जाऊ लागली.

विल्यमनं नकाराचा हक्क सोडला नव्हता. १६९२ ते १६९६ या काळात त्यानं पाच सार्वजनिक विधेयकं परत लावली. नकाराचे शब्द जुन्या नॉर्मन फ्रेंचमधले, मोठे सौम्य : राजा विचार करील. दर तीन वर्षांनी निवडणूक घ्यायला लावणारं विधेयक त्यानं १६९३ मध्ये असंच ‘विचाराला’ घेतलं आणि १६९४ च्या डिसेंबरात तेच मुकाट्यानं मान्य केलं. दरम्यान युद्धाचा खर्च वाढला होता आणि मंजुरी देणारे लोक तेच होते.

पैशाच्या विधेयकांवर कॉमन्सचा ताबा किती घट्ट होता ते १६७८ च्या ठरावात दिसतं : कर देणं हा कॉमन्सचा एकट्याचा अधिकार, लॉर्ड्सनी त्यात बदल करायचा नाही. हे मान्य झालं की पुढची चलाखी सुचायला वेळ लागत नाही. लॉर्ड्सना नको असलेली गोष्ट कराच्या विधेयकाला चिकटवून द्यायची. बदलता येत नाही, आणि फेटाळली तर सैन्याचा पगार बुडतो. १७०० साली आयर्लंडमधल्या जप्त जमिनींचा प्रश्न जमीनकराला बांधून कॉमन्सनं लॉर्ड्सना असंच नमवलं. १७०२ मध्ये लॉर्ड्सनी अशा जोडकामाविरुद्ध ठराव केला. पण १७०४ च्या नोव्हेंबरात टोरी पक्षातल्या कडव्या मंडळींनी तोच डाव पुन्हा टाकला. सरकारी पद मिळावं म्हणून अँग्लिकन चर्चमध्ये नावापुरती हजेरी लावणाऱ्यांना रोखणारं विधेयक त्यांना जमीनकराला जोडायचं होतं. सेनापती मार्लबरोच्या फौजेनं फ्रान्सविरुद्धची ब्लेनहाइमची लढाई नुकतीच जिंकलेली. अशा वेळी युद्धाचा पैसा पणाला लावणं त्यांच्याच पक्षातल्या अनेकांना रुचलं नाही. २५१ विरुद्ध १३४ अशी हार झाली, आणि त्या १३४ जणांच्या नावांच्या याद्या छापून पुढच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध वापरल्या गेल्या.

जोडकाम नेहमी वाईटच ठरलं असंही नाही. बँक ऑफ इंग्लंड १६९४ साली जन्मली ती जहाजांच्या वजनावर आणि दारूवर कर बसवणाऱ्या एका कायद्याच्या पोटात. बारा लाख पौंडांचं कर्ज, आठ टक्के व्याज, आणि कर्ज देणाऱ्यांना बँक म्हणून एकत्र येण्याची मुभा.

या सगळ्यात १६९५ चा वसंत मला विलक्षण वाटतो. मार्चमध्ये उघडकीला आलं, की स्पीकर सर जॉन ट्रेव्हर यानं लंडन शहराच्या पालिकेकडून एक हजार गिनी घेतल्या होत्या. शहरानं आपल्याकडे ठेव म्हणून आलेला अनाथांचा पैसा खर्चून टाकला होता आणि त्या कर्जाची सोय लावणारं विधेयक त्याला हवं होतं. ते मंजूर झालं, मग स्पीकरला ‘कृतज्ञता’ पोहोचली. समितीच्या अध्यक्षाला वीस गिनी मिळाल्या होत्या. तोही पुढं सभागृहाबाहेर गेला. ट्रेव्हरवर जी वेळ आली ती पार्लमेंटच्या इतिहासात क्वचितच कोणावर आली असेल : तो स्वतः दोषी आहे काय, हा प्रश्न स्पीकर म्हणून त्यालाच मताला टाकावा लागला. ‘हो’चा आवाज मोठा आला, हेही त्यालाच जाहीर करावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पोटात दुखू लागलं आणि तो सभागृहात आलाच नाही. १६ मार्चला त्याची हकालपट्टी झाली. न्यायखात्यातलं मास्टर ऑफ द रोल्स हे वरिष्ठ पद मात्र त्याच्याकडे मरेपर्यंत राहिलं.

त्याच अधिवेशनात छपाईवरचा सरकारी परवाना संपला, तोही एका कंटाळवाण्या यादीतून. १६६२ च्या कायद्यानं छापखान्यांची संख्या बांधून दिली होती, पुस्तक छापण्याआधी परवानगी सक्तीची केली होती आणि लंडनच्या प्रकाशक-छापखानदारांच्या कंपनीला मक्तेदारी दिली होती. हा कायदा मुदतीचा होता. मुदत वाढवत वाढवत १६९५ पर्यंत ओढलेला. मुदत संपत आलेल्या कायद्यांची यादी करून त्यातले कोणते चालू ठेवायचे हे दर अधिवेशनात एक समिती सुचवी. समितीनं हा कायदा ठेवा असं सुचवलं, कॉमन्सनं वगळला. लॉर्ड्सनी तो पुन्हा यादीत घातला. मग टॉन्टनचे सभासद एडवर्ड क्लार्क कॉमन्सची अठरा कारणं घेऊन पेंटेड चेंबरमध्ये गेले. क्लार्क हे तत्त्वज्ञ जॉन लॉकचे जवळचे मित्र, आणि या कायद्यावर लॉकनं लिहिलेलं टिपण त्यांच्याजवळ होतं.

त्या अठरा कारणांत विचारस्वातंत्र्याचा उदात्त पुरस्कार शोधायला जाल तर निराशा होईल. परदेशी पुस्तकांची पेटी लंडनच्या जकातनाक्यावर कंपनीचा माणूस येईपर्यंत उघडता येत नाही. परवाना देणारा किती फी घेणार याला धरबंध नाही. घरझडतीचा अधिकार बेलगाम. शिक्षा किती ते स्पष्ट नाही. व्यापाऱ्यांच्या, वाचकांच्या रोजच्या तक्रारी. लॉर्ड्सनी फार न ताणता माघार घेतली आणि कायदा मेला. जागी नवा आणण्याची खटपट झाली, विधेयकही आलं, पण अधिवेशन संपलं आणि ते समितीतच राहिलं. पुढची वर्षं तेच. मिल्टननं १६४४ मध्ये ‘ॲरिओपॅजिटिका’ लिहून जे साधलं नाही ते या किरकोळ तक्रारींनी साधलं, असं मेकॉलेनं म्हटलंय. आपल्याकडे १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे बदनाम झालेला हाच तो मेकॉले. इथं मात्र त्याची नजर अचूक आहे. सात वर्षांनी, १७०२ साली, लंडनमध्ये ‘डेली कोरंट’ हे दैनिक निघू लागलं.

विणकरांनी मात्र पार्लमेंटला शांतपणे काम करू दिलं नाही. ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानातून छापील सुती कापड आणि रेशीम आणत होती. लंडनच्या बायका त्यावर भाळलेल्या आणि तिथल्याच स्पिटलफील्ड्स या विणकरवस्तीतले माग बंद पडत चाललेले. १६९७ च्या सुरुवातीला विणकरांचा आणि त्यांच्या बायकांचा जमाव थेट सभागृहाच्या दारापर्यंत आला. कंपनीच्या कचेरीवरही चाल झाली. विधेयक कॉमन्समध्ये पार पडलं, पण लॉर्ड्सच्या दुरुस्त्यांवर एकमत होईना आणि ते गेलं. १७०० साली मंजूर झालं. २९ सप्टेंबर १७०१ पासून हिंदुस्थान, इराण आणि चीनचं रेशीम व रंगीत-छापील सुती कापड इंग्लंडमध्ये वापरायला बंदी. फक्त परत निर्यात करण्यासाठी गोदामात ठेवता येई. सुरत आणि मुंबईच्या वखारींत कंपनीचे दलाल कोणता माल घ्यायचा हे ठरवत होते, त्यावर हजारो मैलांवरच्या त्या अरुंद चॅपलमधली मतमोजणी आता परिणाम करू लागली होती. कायद्यात पळवाट राहिलीच : पांढरं, कोरं कापड आणायला मोकळीक होती. लंडनमध्ये ते छापणाऱ्यांचा धंदा तेजीत आला आणि १७२१ मध्ये त्याविरुद्ध पुन्हा कायदा करावा लागला.

राजमुकुटाचा शेवटचा नकार ११ मार्च १७०८ चा. स्कॉटलंडमध्ये नागरी सेना उभारण्याचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं होतं. तेवढ्यात बातमी आली, की जेम्सचा मुलगा फ्रेंच आरमार घेऊन स्कॉटलंडकडे निघालाय. स्कॉट लोकांच्या हाती बंदुका देण्याची ही वेळ नव्हे, असा सल्ला मंत्र्यांनी दिला आणि राणी ॲननं संमती नाकारली. कोणी ओरड केली नाही. नकार मंत्र्यांचाच होता. त्यानंतर आजवर ब्रिटनच्या गादीवरून विधेयक परत गेलेलं नाही.

गंमत अशी, की ज्या कॉमन्सनं राजाकडून तिजोरी हिसकावली, तिनं स्वतःच्या हातांनाही बांधून घेतलं. १७०६ पर्यंत सभागृहापुढे सरकारी पैसा मागणाऱ्या अर्जांची रीघ लागली होती. प्रत्येक अर्जामागे कोणीतरी सभासद. ११ डिसेंबर १७०६ रोजी कॉमन्सनं ठरवलं, की राजमुकुटाच्या शिफारशीशिवाय सार्वजनिक पैशाची मागणी ऐकूनच घ्यायची नाही. १७१३ साली हा ठराव कायम नियम झाला आणि तो अजून चालू आहे. राज्यघटनेच्या कलम २०३ मध्ये तो आपल्याकडेही आहे : मुंबईच्या विधानभवनात अर्थसंकल्पातली एकही मागणी राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही. सभासद ती कमी करू शकतात, नाकारू शकतात, वाढवू मात्र शकत नाहीत.